सर्वांची ढोली

त्या राज्यात झाडं कमी आणि झाडांची काळजी वाहणारे फार झाले होते. उत्तरेची टेकडी बोडकी पडली होती, पायथ्याचा झरा करंगळीएवढा उरला होता, आणि तो टिकवायचा तर टेकडीवर पुन्हा बिया पडायला हव्यात, हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. पिल्लांनी मात्र बी पेरलेलं कधी पाहिलंच नव्हतं. त्यांचा जन्मच टेकडी बोडकी झाल्यानंतरचा होता.

बुलबुलबाई या पिल्लांना शिकवत. शिकवत म्हणजे काय, जवळ एकही बी नसताना हवेतच पेरून दाखवत. शेवटी त्यांनी सभेत सांगितलं, "ज्याच्याकडे जे बी असेल ते आणा. यंदाच्या पावसाआधी पोरं शिकली नाहीत, तर पुढच्या वर्षी शिकायला झरा नसेल."

आणि नवल म्हणजे सगळ्यांनी आणलं. खारीने बेहडे आणले. वटवाघळाने उंबराच्या बिया आणल्या. अर्धं खाऊन अर्धं टाकणाऱ्या पोपटानेसुद्धा जांभळाच्या बिया जपून आणल्या. हे सगळं सांभाळायचं काम धनेशरावांकडे गेलं, कारण त्यांची चोच सर्वांत मोठी होती.

धनेशराव मनाचे वाईट नव्हते, हीच खरी पंचाईत. मादी अंड्यांवर बसली की ढोलीचं तोंड चिखलाने लिंपायचं आणि चोच जाईल एवढीच फट ठेवायची, ही धनेशांची पिढीजात रीत. जिवापाड जपायचं ते असंच जपायचं. त्यांनी बिया एका ढोलीत भरल्या आणि तोंड लिंपून टाकलं. फट ठेवली, ती अर्थातच धनेशाच्या चोचीच्या मापाची. ढोलीला 'सर्वांची ढोली' असं नाव दिलं. भाषणं झाली.

दुसऱ्या दिवशी बुलबुलबाई पिल्लांना घेऊन ढोलीपाशी गेल्या.

"धनेशराव, बिया द्या. पोरं खोळंबलीत."

"अहो बाई, बिया तुमच्याच आहेत!"

"मग द्या की."

"देणार ना! पण आत निवडानिवड चाललीय. अर्धवट दिलं तर पोरांचंच नुकसान."

पुन्हा गेल्या, तेव्हा धनेशराव शेजारच्या रानात गेले होते, बिया वाटून कशा घ्याव्यात हे समजावून सांगायला. ते परतले ते तिथल्याही बिया घेऊन. त्या आत गेल्या आणि वर चिखलाचा आणखी एक थर चढला. बाई रोज जात, पिल्लं रोज मागोमाग जात आणि ढोलीसमोर रांगेत बसून सगळं पाहत. कपाळ आपटून घ्यावं, तर त्या ढोलीच्या झाडाशिवाय जवळपास दुसरं झाडही नव्हतं.

आभाळ भरून आलं तेव्हा बाईंचा संयम सुटला. त्या फटीसमोर बसल्या आणि ज्या ओरडायला लागल्या, त्या घसा बसेपर्यंत थांबल्या नाहीत. धनेशरावांना या कलकलाटाचा वैताग आला. त्यांनी फटीतून चोच घातली आणि जांभळाची एक बी काढून दिली.

"घ्या. पाहून झाली की परत आणा."

बाई ती चोचीत धरून थेट टेकडीवर आल्या. पिल्लं भोवती जमली. बी पाहून त्यांचे डोळे मोठे झाले, आणि बाईंचेही भरून आले. जमीन मऊ होती, वारा ओला होता, आता फक्त बी मातीत जायची होती. बोलायला बाईंचा आवाज उरला नव्हता. त्या कशाबशा पुटपुटल्या, "बाळांनो, हिचं काय करायचं, तुम्हीच करून दाखवा."

पिल्लांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना नेमकं ठाऊक होतं. दोघांनी बी उचलून खडकाच्या कपारीत नीट ठेवली. बाकीच्यांनी झऱ्यावरून चोचीचोचीने चिखल आणला आणि कपारीचं तोंड हळुवार लिंपलं. चोच जाईल एवढी फट तेवढी ठेवली.

मग सर्वांत धाकटं पिल्लू छाती फुगवून पुढे आलं आणि म्हणालं, "बिया तुमच्याच आहेत!"

बाकीच्यांनी पंख वाजवले.