निवृत्ती बायकोला आणायला जातो

एका गावात निवृत्ती नावाचा एक भोळा गडी राहत होता. देवाने त्याला अक्कल दिली नव्हती असं नाही. ती वापरायची कशी, एवढं सांगायचं राहून गेलं होतं. पण त्याच्याकडे मोबाईल होता, त्यामुळे ही गोष्ट बरेच दिवस कुणाच्या लक्षात आली नाही.

एकदा त्याची बायको सुभद्रा वैतागून म्हणाली, "दिवसभर त्या फोनकडे बघता, तसं कधी माझ्याकडेही बघा की!"

निवृत्ती गुणी नवरा. त्याने फोन ठेवला आणि तिच्यापुढे मांडी घालून बसला. घटकाभर टक लावून बघितलं. मग बोटाने तिचा गाल वर सरकवला आणि म्हणाला, "हं, पुढचं दाखव."

सुभद्रा त्याच दिवशी माहेरी गेली.

त्या भागात रीत अशी, की रुसून आलेल्या लेकीला नवरा स्वतः न्यायला आल्याशिवाय बाप पाठवत नाही. निवृत्तीची आई म्हणाली, "जा बाबा, घेऊन ये सुनेला. घर खायला उठलंय." निवृत्तीलाही करमत नव्हतं. जेवायला बसला की तिच्या आठवणीने त्याला खरोखर रडू यायचं.

तो निघाला. फोनमधली बाई रस्ता सांगत होती. ती म्हणाली, "सरळ जा." समोर तळं होतं. निवृत्ती सरळ गेला. घरी परतला तो चिंब होऊन. फोन तेवढा कोरडा, कारण तो त्याने डोक्यावर धरला होता.

आईने कपाळाला हात लावला. "अरे, यंत्राचं काय ऐकतोस? चार माणसांना विचारून पाऊल उचलावं."

"बरं," निवृत्ती म्हणाला, आणि शब्द गाठीला बांधला.

दुसऱ्या दिवशी विचारत विचारत तो सासुरवाडीला पोचला. सुभद्रा सामान बांधून दाराआड उभीच होती. सासरा म्हणाला, "न्या. पण जावईबापू, तिला नीट सांभाळाल ना?"

निवृत्ती उठून पारावर गेला. तिथल्या चार माणसांना विचारून आला. "मामा, तिघं 'नाही' म्हणाले. चौथा नुसताच हसला."

सासऱ्याने त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

आई म्हणाली, "अरे, घरातली गोष्ट गावाला विचारतात का? आपल्या मनाला विचारावं. मन खोटं बोलत नाही." तिचंही काय चुकलं? शहाणी माणसं हेच सांगतात. निवृत्तीने हाही शब्द गाठीला बांधला.

पुन्हा गेला. सासऱ्याने मोठ्या मनाने पुरणपोळी वाढली. सुभद्रा जीपमध्ये बसली. तेवढ्यात फोन वाजला. "अभिनंदन! तुम्हाला मोटार लागली आहे. लगेच तालुक्याला या." निवृत्तीने मनाला विचारलं. मन म्हणालं, "जा." बायकोला जीपमध्येच ठेवून तो गेला. तिथल्या साहेबाने चाकाच्या मापासाठी सासऱ्याने दिलेली अंगठी मागून घेतली आणि मोटार आणायला गेला, तो गेलाच.

आता आई रडकुंडीला आली. "अरे करंट्या, हल्ली फोटो खोटा, आवाज खोटा, हुबेहूब माणूस बनवतात मेले! डोळ्यांनी दिसलं तरी विश्वास ठेवू नकोस. आधी त्या माणसाच्या घरी फोन करून खात्री कर."

"बरं."

तिकडे जीपमधून उतरून माहेरी परतलेल्या सुभद्रेलाच नवऱ्याची कीव आली. रीत गेली चुलीत, म्हणाली. बापाला न सांगता, दुपारच्या एसटीने ती स्वतःच आली. आई रानात गेली होती. निवृत्तीने दार उघडलं आणि बघतच राहिला.

"हुबेहूब!"

"अहो, मी सुभद्रा."

"आवाजही जमलाय."

सुभद्रेच्या डोळ्यांत पाणी आलं. निवृत्तीने ते बोटावर घेऊन चाखलं. "खारटसुद्धा केलंय! कमाल आहे." मग त्याने सासऱ्याला फोन लावला. "मामा, सुभद्रा घरी आहे का?"

सासरा ओट्यावर पान लावत होता. "आहे की. जाणार कुठं? आत असेल."

निवृत्तीची खात्री पटली. त्याने तिचं गाठोडं उचललं, दंडाला धरून तिला स्टँडवर नेलं आणि पहिल्या एसटीत बसवून दिलं. जन्मात पहिल्यांदा तो फसला नव्हता. छाती फुगवून त्याने पुन्हा फोन केला.

"मामा, तुमच्या लेकीचं सोंग घेऊन एक बाई आली होती. हाकलून दिली. तुमच्याकडेही येईल, दारात उभी करू नका. आणि सुभद्रेला सांगा, तयार राहा म्हणावं. उद्या मी न्यायला येतोय."