कललेल्या गाडीतलं तेल

एकदा एक ज्ञानी वृद्ध एका घाटाच्या पायथ्याशी राहत असत. दृष्टांतातल्या ज्ञानी वृद्धाला पांढरी दाढी लागते, पर्णकुटी लागते, झालंच तर दारात एखादं हरीण लागतं, हे मला ठाऊक आहे. आमच्या वृद्धाकडे यातलं काही नव्हतं. पत्र्याची शेड होती, नखांत मुरलेलं ग्रीस होतं आणि ते मोटारसायकली दुरुस्त करत. आता ज्ञानालाच जर ग्रीसचा हात आवडला असेल, तर हरकत घेणारे आपण कोण? नाव त्यांचं भिकोबा. सगळी पंचक्रोशी त्यांना वस्ताद म्हणे.

वस्तादांचा एक शिष्य होता, धनाजी. वय चौतीस, दोन लेकरांचा बाप. नऊ वर्षं तो त्यांच्या हाताखाली काम शिकत होता. नऊ वर्षं! तेवढ्यात माणसं डॉक्टर होऊन बाहेर पडतात. धनाजीच्या हाताला गुण होता. गाडी दारात येऊन थांबायच्या आत नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगायचा. पण ‘आता स्वतःचं दुकान कधी?’ असं कुणी विचारलं की त्याचं उत्तर ठरलेलं. "अजून थोडं शिकतो."

इकडे घाटमाथ्यावर एक बाजारपेठ होती. तिच्या आसपास वीसेक वाड्या-वस्त्या, आणि मिस्त्री मात्र एकही नाही. गाडी बंद पडली की माणसं ती ढकलत चौदा वळणं खाली आणत. त्या पेठेतल्या एका कापडवाल्या शेटजींनी रस्त्याकडेचा आपला गाळा धनाजीसाठी राखून ठेवला होता. दोनदा निरोप धाडूनही धनाजी गेला नाही. तिसरा निरोप एके दिवशी सकाळी आला, आणि दसरा तर चार दिवसांवर आलेला. "आज संध्याकाळपर्यंत किल्ली घेऊन जा. नाही आलास तर गाळा दुसऱ्याला देतो. यापुढे विचारणार नाही."

धनाजीची बायको कांचन त्याचा डबा भरत होती. ती म्हणाली, "जाऊन या की हो आज. शिकून शिकून म्हातारे व्हाल. वस्तादांच्या शेडमध्येच तुमची साठी व्हायची."

"एकट्यानं जमंल का गं?" धनाजी म्हणाला. "एखादं इंजिन अडलं तर विचारू कुणाला?"

कांचनने डब्याचं झाकण असं काही दाबून लावलं की पुढे बोलायची गरज उरली नाही.

असं मन घेऊन माणूस कामाला गेला तर काय होणार? व्हायचं तेच झालं. शेडवर गुरांचे डॉक्टर मुजावर येऊन उभेच होते. या डॉक्टरांचा धनाजीला फार लळा होता. गेल्या वर्षी त्याची मरायला टेकलेली गाय त्यांनी उठवली होती. डॉक्टर म्हणाले, "धनाजी, इंजिनचं तेल बदलून दे पटकन. वर धनगरवस्तीत एक म्हैस अडलीय. कालपासून कळा देतेय बिचारी."

वस्ताद तेव्हा पलीकडे दाढी करून घ्यायला गेले होते. धनाजीने जुनं तेल काढलं आणि नवं बरोबर मापाने ओतलं, एक लिटर. नऊ वर्षांत शेकडो वेळा केलेलं काम ते. इंजिनच्या उजव्या अंगाला एक गोल काच असते, तिच्यावर दोन रेघा असतात. तेल त्या दोन रेघांच्या मध्ये दिसलं की काम झालं. धनाजीने वाकून पाहिलं. काच रिकामी! त्याने आणखी ओतलं. तरी दिसेना. डॉक्टर घड्याळ पाहत होते, म्हैस तिकडे तडफडत होती, शेटजींचा निरोप डोक्यात भुणभुणत होता. घाटाची चढण आहे, आपल्या देवमाणसाची गाडी आहे, कमी नको पडायला, असं म्हणत त्याने आणखी ओतलं. शेवटी खालच्या रेघेशी तेल दिसलं तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

तासाभराने फोन आला. डॉक्टर अकराव्या वळणावर अडकले होते. गाडी धुराचे लोट सोडत होती, चढ ओढत नव्हती, आणि वस्तीवरून चार फोन येऊन गेले होते. त्याने तेलाचा एक नवा कोरा डबा उचलला, जेवणाचा डबा खांद्याला तसाच होता, आणि वस्तादांसह तो वर जाणाऱ्या दुधाच्या टेम्पोत चढला. वाटेत वस्तादांनी एकच विचारलं, "किती घातलंस?" धनाजीने सांगितलं. वस्ताद "हं" म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

अकराव्या वळणावर एक ट्रकवाला थांबून डॉक्टरांना शहाणपण शिकवत होता. आपल्याकडे गाडी बंद पडली की मदतीच्या आधी सल्ला येतो. "तेल खाल्लंय इंजिनानं," तो म्हणाला. "धूर बघा की. ओता डबाभर." धनाजीने लगेच हातातल्या डब्याचं बूच फिरवलं.

"ठेव ते खाली," वस्ताद म्हणाले. "तुझा जेवणाचा डबा दे. खालचा कप्पा रिकामा कर."

"जेवणाचा? वस्ताद, त्यात वांग्याची भाजी हाय."

"मग खाऊन टाक."

धनाजीने भाजी भाकरीवर काढून घेतली. वस्तादांनी गाडी साईड स्टँडवरून काढून सपाट जागी डबल स्टँडवर सरळ उभी केली आणि इंजिन जरा निवू दिलं. मग हाताला चिंधी गुंडाळली, डब्याचा कप्पा इंजिनखाली धरला आणि खालचा नट सैल केला. तेल धारेने बाहेर येऊ लागलं.

"अहो वस्ताद!" धनाजी ओरडला. "आधीच चालंना, आणि तुम्ही असलेलं तेल काढताय?"

ट्रकवाल्याने तर कपाळावर हात मारला. वस्तादांनी कुणाकडे पाहिलं नाही. काचेवर नजर ठेवून ते धार सोडत राहिले, मध्येच नट आवळून थांबले, पुन्हा सोडली. तेल दोन रेघांच्या मध्ये आलं तेव्हा डब्याचा कप्पा जवळजवळ भरला होता. मग त्यांनी एअर फिल्टर काढून त्याच्यात शिरलेलं तेल टिपलं, जागेवर बसवला आणि म्हणाले, "मारा किक, डॉक्टर."

पहिल्यांदा भसकन धूर आला. मग थोडा. मग विरळ. मग गाडीचा नेहमीचा आवाज सुरू झाला. ट्रकवाला म्हणाला, "च्यायला!" डॉक्टरांनी वस्तादांना हात जोडले, पाठीला पेटी बांधली आणि ते वळणाआड गेले. जाता जाता एवढंच बोलले, "माथ्यावर एखादा मिस्त्री असता ना, तर माझा अर्धा तास वाचला असता. त्या मुक्या जिवाचाही."

ट्रक गेला. दुधाचा टेम्पो माथ्यावरून परत येईपर्यंत थांबायचं होतं. गुरू आणि शिष्य घाटाच्या कठड्यावर बसले. त्यांच्या मध्ये तेलाने भरलेला जेवणाचा डबा होता. धनाजीने मान खाली घातली. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते त्याने लपवलं नाही.

"वस्ताद, शेटजींना आजच नाही म्हणून कळवतो. नऊ वर्षांनी साधं तेल घालता येईना मला. मी तयार न्हाई. अजून दोन-तीन वर्षं तुमच्याजवळच ऱ्हातो."

"रडून झालं असंल तर उत्तर दे," वस्ताद म्हणाले. "तेल जास्त झाल्यावर आत काय होतं?"

धनाजीने नाक पुसलं. "आतला दांडा तेलावर आपटतो. ताक घुसळल्यागत घुसळतो. फेस होतो. पंप तेलाऐवजी फेस ओढतो, आणि फेसानं लोखंडाची झीज थांबत न्हाई. इंजिन तापतं. जादा तेल वाट फुटंल तिकडं जातं, फिल्टरात शिरतं, जळतं, धूर होतो."

"म्हणजे पोटात भरपूर आणि घसा कोरडा. बरोबर. सगळं येतंय की तुला. मग चूक कोणती झाली?"

"जास्त ओतलं."

"ती दुसरी. पहिली सांग."

धनाजी विचार करू लागला. सकाळची शेड त्याने डोळ्यांपुढे आणली. डॉक्टरांची घाई, हातातलं माप, वाकून पाहिलेली काच. आणि एकदम तो ताठ झाला. "गाडी साईड स्टँडवर होती! सरळ उभी केलीच न्हाई मी."

"हां!" वस्तादांनी मांडीवर थाप मारली. "गाडी कलली डावीकडं, काच उजवीकडं. सगळं तेल पलीकडच्या अंगाला गेलेलं. काच रिकामीच दिसणार. तेल पुरेसं होतं, धनाजी. तू मापानं घातलं होतंस. पण गाडी कलल्याली आणि तुझं मन तिच्यापेक्षा कलल्यालं. स्वतःच्या हातानं मोजलेल्या मापावर तुझा इश्वास बसला न्हाई. कमी दिसलं म्हणून ओतलंस, पुन्हा कमी दिसलं, पुन्हा ओतलंस. मायेनं ओतलंस, मला ठाव हाय. पर इंजिनाला माया कळत न्हाई. त्याला रेघ कळते."

वस्तादांचा आवाज जरा मऊ झाला.

"आता नीट ऐक. नऊ वर्षं तू स्वतःकडं असाच बघत आलायस. माझ्यावर टेकून उभा ऱ्हातोस, कललेला, आणि त्या कललेल्या जागेवरनं आत डोकावतोस. मग म्हणतोस, कमी हाय, अजून थोडं घाला. कमी दिसणारच की रं! मी तुझा गुरू ऱ्हायलो न्हाई. मी तुझा साईड स्टँड झालोय. यात निम्मी चूक माझी. मला बी तू जवळ असलास की बरं वाटायचं. पण आता तुला आणखी शिकवलं तर फेस होईल. आज झालाच. येत न्हाई म्हणून चुकला न्हाईस तू. भरलेला असून स्वतःला रिकामा समजलास, म्हणून चुकलास."

धनाजी काही बोलणार तोच त्याचा फोन वाजला. पलीकडून डॉक्टर मुजावर जवळजवळ ओरडत होते. रेडकू बाहेर आलं होतं. ओल्या कानांचं, काळंभोर, आणि म्हैस त्याला चाटत होती. "अजून थोडा उशीर झाला असता तर दोघंही गेली असती," डॉक्टर म्हणाले. धनाजीने फोन वस्तादांच्या कानाला लावला. दोघेही हसले, आणि हसता हसता धनाजीला पुन्हा रडू आलं. या वेळचं रडू वेगळं होतं.

तेवढ्यात दुधाचा टेम्पो खाली उतरत आला. वस्ताद तेलाचा नवा डबा घेऊन चढून बसले. धनाजीने पाय टाकला तसा त्यांनी हात आडवा धरला.

"तुला जागा न्हाई."

"अहो, मागं सगळं मोकळं हाय!"

"खाली जायला न्हाई म्हटलं." वस्तादांनी हाताने वर दाखवलं. "तीनच वळणं ऱ्हायलीत. चालत गेलास तर दिवस मावळायच्या आत पोचशील. शेटजी दुकानातच बसलेला असंल. आणि हा जेवणाचा डबा घेऊन जा बरोबर, तेलासकट."

टेम्पो निघाला. धनाजी रस्त्यात एकटाच उभा राहिला. क्षणभर तो खालच्या वळणाकडे पाहत होता, जिथून टेम्पोचा आवाज येत होता. मग त्याने तेलाने भरलेला जेवणाचा डबा दोन्ही हातांनी सांभाळून धरला, पाठ सरळ केली आणि तो चढ चढू लागला.

त्या रात्री घरी कांचनने आधी किल्ली पाहिली, मग डब्याचा कप्पा पाहिला. म्हणाली, "माझ्या डब्याची पार वाट लावलीत. ऱ्हाऊ द्या, किल्ली आणलीत म्हणून आज काय बोलत न्हाई. पण हा डबा आता माझ्या स्वयंपाकघरात नको, तुमच्या दुकानातच ठेवा."

तो तिथेच आहे. दसऱ्याला हत्यारांची पूजा झाली, पान्यांना झेंडूची फुलं वाहिली, तेव्हा त्या कप्प्यालाही एक वाहिलं. फळीवर झाकण लावून ठेवलेला तो कप्पा पाहून गिऱ्हाईक विचारतं, "मिस्त्री, हे काय जपून ठेवलंय?" धनाजी हातातलं काम न सोडता सांगतो, "ते होय? ते माझं ‘अजून थोडं’ हाय." आणि गिऱ्हाइकाची गाडी साईड स्टँडवरून काढून सरळ उभी करतो, मगच काचेत पाहतो.

मंडळी, आपल्यात काय कमी आहे हे जरूर पाहावं. पण पाहण्याआधी कुणावर टेकलेलो असू, तर तेवढं उठून सरळ उभं राहावं.