शेवटच्या खुर्चीवरचा भागीदार

कृष्णाकाठी पेठेचं एक गाव होतं. त्या पेठेत दोर, सुतळी आणि ताडपत्र्यांचं एक दुकान होतं आणि त्या दुकानाचे मालक दोन. एक रामलिंग, दुसरा मल्लाप्पा. दोघं एका बाकावर शिकले, एकाच इयत्तेत नापास झाले आणि एकाच मुहूर्तावर दुकानात बसले. त्याला आता चाळीस वर्षं होत आली होती.

रामलिंग बोलका, मल्लाप्पा अबोल. माल खपला की रामलिंग गिऱ्हाइकाला सांगायचा, "मी आधीच ओळखलं होतं." आणि माल अंगावर पडला की म्हणायचा, "आमच्या मल्लाप्पाला कोण सांगणार?" फार वर्षांपूर्वी त्यांनी गाडीभर काथ्याचा दोर भरला आणि त्याच साली बाजारात नायलॉनचा दोर आला. काथ्या गोदामात कुजून गेला. ती गोष्ट रामलिंग अजूनही सांगायचा, आणि दर वेळी मल्लाप्पाच्या नावानं सांगायचा. मल्लाप्पा हसून सुतळीचा गुंडा वळत राहायचा. त्यामुळे या माणसाला राग येतच नाही, असा रामलिंगचा पक्का समज झाला होता.

एका वर्षी द्राक्षं वाळवून बेदाणे करायच्या ऐन दिवसांत अवकाळी पाऊस कोसळला. वाळत घातलेला माल झाकायला बागायतदारांची ताडपत्र्यांसाठी झुंबड उडाली आणि चार दिवसांत दुकान रिकामं झालं. ताडपत्र्यांची कंपनी खूश झाली. सर्वांत जास्त माल खपवणाऱ्या दुकानदारांना तिनं तीन दिवसांच्या जहाजाच्या सफरीवर नेलं. आमचे दोघे भागीदारही नवे सदरे शिवून निघाले.

जहाज केवढं, तर त्यांची अख्खी पेठ मावून वर जागा उरेल एवढं. किनारा दिसेनासा झाला की जहाजावरचा कसिनो उघडायचा. कंपनीनं प्रत्येकाच्या हातावर, पैशांऐवजी डावाला लावायच्या रंगीत चकत्यांची एक चळत ठेवली होती. खेळा, मजा करा, चकत्या संपल्या की उठा. रामलिंग पत्त्यांच्या टेबलाशी मधल्या खुर्चीवर ऐसपैस बसला. मल्लाप्पाला खेळाची हौस नव्हती. सोबत म्हणून तो शेवटच्या खुर्चीवर टेकला.

पत्ते वाटायला फिलोमिना नावाची वेंगुर्ल्याची मुलगी होती. तिनं खेळ समजावून दिला. पानांची बेरीज तिच्या बेरजेपेक्षा एकवीसच्या जवळ न्यायची, पण एकवीसच्या पुढं गेली की डाव गेला. सगळ्यांची पानं घेऊन झाली की शेवटी फिलोमिना स्वतःसाठी पानं काढायची. तिची बेरीज सतरा होईपर्यंत तिला थांबायची मुभा नव्हती. शेवटच्या खुर्चीनंतर लगेच तिची पाळी. म्हणजे मल्लाप्पानं जे पान सोडलं, ते तिच्या वाट्याला जायचं.

पहिल्या दुपारी रामलिंगची बेरीज अठरा झाली आणि तो थांबला. मल्लाप्पाची बारा होती. त्यानं अंदाजानं एक पान मागितलं, पंजा आला. फिलोमिनाची सोळा होती. तिला राजा आला, राजाचे दहा, आणि तिचा डाव गेला. मल्लाप्पानं तो पंजा घेतला नसता तर तिचे बरोबर एकवीस झाले असते. पण एवढा विचार कोण करतो? रामलिंगनं चकत्या पुढ्यात ओढल्या आणि सगळ्या दुकानदारांना ऐकू जाईल असं म्हणाला, "कुठं थांबायचं हे कळायला डोकं लागतं."

दुसऱ्या दुपारी रामलिंगच्या हातात चांगले वीस होते. फिलोमिनाचे पुन्हा सोळा, मल्लाप्पाचे पुन्हा बारा. मल्लाप्पानं पान मागितलं. आला राजा आणि त्याचा डाव गेला. पुढचा पंजा फिलोमिनाला मिळाला, तिचे एकवीस झाले आणि टेबलावरचे सगळेच हरले.

रामलिंग भडकला. "अरे, कशाला घेतलंस ते पान? तो राजा तिला जायचा होता. बुडवलंस की सगळ्यांना."

"मला काय ठाऊक राजा येणार ते," मल्लाप्पा म्हणाला.

"तुला कधी काय ठाऊक असतंय? काथ्याच्या वेळीही असंच केलंस. चाळीस वर्षं मी एकट्यानं दुकान ओढतोय."

बाकीचे दुकानदार हसले. मल्लाप्पा मात्र या वेळी हसला नाही. त्यानं आपल्या उरलेल्या चकत्या हलकेच रामलिंगपुढं सरकवल्या आणि उठला.

"रामलिंग, गावी गेल्यावर दुकान वाटून घेऊ," तो म्हणाला. आवाज अगदी रोजचा होता. "दोर तू घे, ताडपत्र्या मी घेतो. नाहीतर उलटं. तू म्हणशील तसं."

रामलिंगनं हातातले पत्ते खाली ठेवले. पण चारचौघांत नमतं घ्यायचं कसं? "घेऊ की," तो म्हणाला आणि पुन्हा पत्ते उचलून बसला. त्यानंतर त्याचं खेळात लक्ष लागलं नाही. मल्लाप्पाशिवाय दुकानाचं शटर उघडल्याचा एकही दिवस त्याला आठवेना.

तिसऱ्या दुपारी मल्लाप्पा आपणहून टेबलाशी आला आणि शेवटच्या खुर्चीवर बसला. "आज माझी पानंही तूच खेळ," तो म्हणाला. "मी नुसता बसतो. एकदा तुझ्या मनासारखं होऊ दे."

रामलिंगला हायसं वाटलं. राग गेला म्हणायचा. तो दोघांची पानं मोठ्या ऐटीत खेळू लागला. त्याचे स्वतःचे वीस झाले. मल्लाप्पाचे तेरा होते. "इथं थांबायचं," रामलिंग म्हणाला, "पान घ्यायचं नाही. कालच सांगत होतो." फिलोमिनाचे पंधरा होते. तिनं पान काढलं. छक्का. तिचे एकवीस झाले आणि दोन्ही डाव गेले.

मल्लाप्पानं पान घेतलं असतं, तर तो छक्का त्याच्याकडं आला असता.

रामलिंगनं सवयीनं तोंड उघडलं आणि सवयीनं शेवटच्या खुर्चीकडं मान वळवली. मल्लाप्पा दोन्ही हात मांडीवर ठेवून शांत बसला होता. त्यानं काही केलंच नव्हतं. खापर फोडायला डोकं हवं होतं आणि टेबलाशी रामलिंगचंच एक उरलं होतं. त्याला पहिल्या दिवशीचा पंजा आठवला, आणि मग पंज्याच्या मागोमाग काथ्या आठवला. तो माल दोघांनी मिळून भरला होता. मागणीच्या कागदावर सही तर त्यानंच आधी केली होती. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्याच दिवशी चहाच्या वेळी कंपनीतर्फे दुकानदारांचा सत्कार होता. शाली आल्या, नारळ आले. प्रत्येक दुकानदारानं आपल्या यशाचं रहस्य सांगायचं होतं. रामलिंगनं भाषण महिनाभर आधीच पाठ केलं होतं. त्यात दूरदृष्टी हा शब्द चार वेळा होता.

तो माईकसमोर उभा राहिला. इथं दूरदृष्टीवर दोन शब्द बोलून टाळ्या घेणं फार सोपं होतं. कुणी विचारणारही नव्हतं.

"साहेब," तो म्हणाला, "ताडपत्र्या मी खपवल्या नाहीत. पावसानं खपवल्या. आणि पाऊस यायच्या आधी त्या दुकानात होत्या, त्या मल्लाप्पानं मागवल्या म्हणून. मी नको म्हणत होतो." त्यानं मल्लाप्पाकडं पाहिलं. "दुसरी गोष्ट. आमचा काथ्याचा दोर कुजला. तो दोघांनी भरला होता आणि पहिली सही माझी होती. गावात मी इतकी वर्षं खोटं सांगत आलो."

लोकांना वाटलं, गडी गंमत करतोय. सगळा हॉल हसला. कंपनीचे साहेबही हसले. नारळ घेऊन रामलिंग खाली उतरला. हसला नव्हता तो एकटा मल्लाप्पा.

रामलिंग त्याच्यापाशी येऊन उभा राहिला. बसायचं धाडस होईना. "गावी गेल्यावर पेठेतही असंच सांगतो," तो म्हणाला. "दुकान वाटायचं तर वाटू. ताडपत्र्या तू घे."

मल्लाप्पानं शेजारची खुर्ची पुढं ओढली. "बस," तो म्हणाला. "दुकान राहू दे एकत्र. अर्धा दोष घेणारा भागीदार या वयात मी शोधायचा तरी कुठं?"

तात्पर्य: यश माझ्या अकलेचं आणि अपयश सोबत्याच्या चुकीचं, अशी वाटणी करणारा शेवटी एकटा पडतो; जो दोषातला आपला वाटा चारचौघांत मान्य करतो, त्याचीच सोबत टिकते.