आत्याच्या वाटेचा सोनेरी काठ

डोंगराच्या कुशीत, हिरव्यागार रानाला टेकून एक इवलीशी झोपडी होती. तिथे चिमुकली वेणू आणि तिची कृष्णाआत्या राहत. वेणूला आईबाबा नव्हते. आत्याच तिची आई आणि आत्याच तिचे बाबा. आत्या बांबूच्या सुबक टोपल्या विणायची, गावात नेऊन द्यायची आणि बदल्यात नाचणी आणायची.

पण एके वर्षी आत्याच्या डोळ्यांपुढे धुकं दाटलं, ते काही सरेना. झऱ्यावर जाताना वळणावर तिचा पाय घसरला. खाली खोल दरी! एका झुडपाला हात लागला म्हणून ती वाचली. तेव्हापासून आत्या उंबरठ्याबाहेर पडेना. टोपल्या कोपऱ्यात पडून राहिल्या. वेणू रानातली भाजी खुडून आणायची, अर्ध्या भाकरीतली मोठी चतकोर आत्याला द्यायची.

एका सकाळी झोपडीत एक फुलपाखरू शिरलं.

"वेणू, ते पिवळं पिवळं काय गं भिरभिरतंय?" आत्यानं विचारलं.

वेणूनं टाळी वाजवली. "आत्या, तुला दिसलं?"

"बाकी सगळं धुरकट गं बाई. पण पिवळं तेवढं दिसतं. चुलीतला जाळ दिसतो, हळद दिसते."

वेणूचे डोळे लुकलुकले. साडीला असतो तसा झऱ्याच्या वाटेलाही सोनेरी काठ लावला तर?

पिवळ्या फुलांच्या सोनकीची रोपं आणायला ती रानात धावली. तिथे एका फुलाशेजारी, कोळ्याच्या जाळ्यात, अंगठ्याएवढी परी अडकली होती! हळदीसारखी तिची कांती, मधासारखे पारदर्शक पंख. वेणूनं गवताच्या काडीनं एकेक तंतू अलगद बाजूला केला.

"मला सोडवलंस, आणि कोळ्याचं घरही मोडलं नाहीस!" परी कौतुकानं म्हणाली. "माग, तीन इच्छा माग. पण माझ्या ओंजळीत मावेल तेवढंच मिळेल. आणि मिळालेलं स्वतःच्या हातांनी मातीत घालायला लागेल."

"आत्याचे डोळे बरे कर ना!"

परीचा चेहरा उतरला. "ते माझ्या ओंजळीत मावत नाहीत गं, राणी."

वेणू सोनकीकडे वळली. मग म्हणाली, "तर मला बिया दे. सगळ्या सोनेरी फुलांच्या."

आणि काय सांगू, किती सुंदर काठ लावला त्या पोरीनं! झोपडीपाशी लिंबासारखा फिका झेंडू, पुढे हळदीच्या रंगाची शेवंती, वळणाजवळ गर्द केशरी झेंडूचे गोंडे. बुटकी रोपं वाटेकडे, उंच सूर्यफुलं त्यांच्या पाठीशी. रंग गडद होत गेला की वळण आलं, हे आत्याला कुणी सांगायला नको!

इवले इवले कोंब वर आले, पण ऊन फार तापलं. कोंबांनी माना टाकल्या.

"परीताई, दवाचा एक थेंब दे," वेणूनं मागितलं. तिनं तो टप्पोरा थेंब मातीत सोडला, तो मुळामुळांतून झिरपत गेला आणि सगळी वाट पुन्हा टवटवीत झाली.

"आता एकच इच्छा उरली," परी हळूच म्हणाली. "ती तुझ्यासाठी माग. नियमाचं मी बघून घेईन. पेढा देऊ? केशर घातलेला?"

वेणूच्या तोंडाला पाणी सुटलं. कितीतरी दिवसांत तिनं गोड खाल्लं नव्हतं. पण तिची नजर वळणावर गेली. आत्या जिथे घसरली होती, तिथे नुसता उघडा कातळ होता. बी रुजायला चिमूटभर मातीसुद्धा नव्हती.

ती म्हणाली, "मला चिमूटभर माती दे, परीताई."

परीनं ओंजळ रिकामी केली. वेणू कातळावर माती पसरत गेली, आणि माती संपेचना! तिथेही उरलेल्या बिया रुजल्या, गोंडे डोलू लागले. आता काठ कुठेच तुटलेला नव्हता.

एके सकाळी सगळी वाट झळाळून उठली. वेणूनं आत्याला दारात आणलं. आत्यानं एक पाऊल टाकलं, मग दुसरं. लिंबू, हळद, केशर... वळणावर ती जपून वळली आणि एकटीच झऱ्यावर पोचली. ओंजळभर पाणी पिऊन ती लहान मुलीसारखी हसली.

वेणूच्या कानाशी परी कुजबुजली, "स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस, म्हणून माझ्याकडून हे. हा काठ बारा महिने फुलत राहील, आणि या वाटेवर कुणाचाही पाय घसरणार नाही."

तिनं पंख पसरले. सोनेरी उजेडाची एक लाट फुलांवरून सळसळत गेली, आणि त्या उजेडात परी विरघळून गेली.

वेणू डोळे पुसतच होती, तोवर झऱ्यापासून आत्याची हाक आली, "अगं वेणू, तुझ्या खांद्यापाशी ती कोण गं होती? एवढीशी, हळदीच्या अंगाची? किती गोड हसत होती तुझ्याकडे बघून!"