चाकबंदीचा डोंगर

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावाचा एक फार जुना नियम होता. पायथ्याच्या शिळेवर तो चुन्याने लिहिलेला होता: डोंगरावर चाक चढणार नाही.

नियम केला तेव्हा बरोबरच होता. बैलगाड्या भरभरून लाकूड चोरीला जायचं. चाकं अडवली, चोरी थांबली. पुढे चोर हुशार झाले आणि गाढवं घेऊन येऊ लागले. शिळेपाशी बसलेला राखणदार गाढवाच्या पायांकडे बघायचा, चाक नाही याची खात्री करायचा आणि लाकडांनी लादलेलं गाढव खुशाल सोडून द्यायचा.

गावातल्या एका मुलीला सायकलचं वेड होतं. डोंगरावर जाणारी गुरांची जुनी वाट तिला रोज खुणावायची, पण राखणदार तिला दर वेळी अडवायचा. शेवटी ती ग्रामसभेत उभी राहिली आणि नियम बदला म्हणाली. म्हातारी मंडळी हसली. कालची पोर आम्हाला डोंगर शिकवणार, असं कोणीतरी पुटपुटलं.

"मी कशाला शिकवू?" मुलगी म्हणाली. "रोज गाढवं शिकवतायत. तुम्ही त्यांचे पाय बघता, पाठ बघत नाही."

सरपंच आजोबांना ते झोंबलं. त्यांनी अट घातली. उद्या सकाळी एकदा वर जाऊन यायचं. डोंगराचं काडीचं जरी नुकसान दिसलं, तरी सायकल कायमची चावडीत कुलूपबंद.

सकाळी मुलगी निघाली. मागोमाग आजोबा काठी टेकत, चाकाची खूण तपासत चढू लागले. कित्येक वर्षांनी ते वर येत होते. वाटेच्या दोन्ही बाजूंना ताजे तोडलेले बुंधे होते आणि बुंध्यांभोवती गाढवांच्या खुरांचे ठसे. आजोबांचं तोंड उतरलं.

माळावर मात्र चाकाची खूण एकदम संपली. वीस पावलं काहीच नाही, मग पुन्हा सुरू.

माथ्यावर मुलगी घाम पुसत बसली होती.

"पोरी, मधेच उडालीस की काय?"

"उडतेय कसली, आजोबा. वाटेवर टिटवीची अंडी होती. सायकल खांद्यावर घेतली आणि बाजूच्या कातळावरून आले."

उतरताना आजोबांनी वाकून पाहिलं. खड्यांमध्ये चार ठिपकेदार अंडी शाबूत होती आणि टिटवी त्यांच्याच डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती.

त्याच दिवशी शिळा धुतली गेली. नवा नियम असा: लाकूड कशावरूनही उतरो, अडवायचं. सायकलला एक वाट मोकळी, पण पक्ष्यांची पिल्लं उडेपर्यंत ती बंद. आणि जो सायकल चालवील, तोच वाट दुरुस्त करील.

पिल्लं उडाली त्या सकाळी वाटेवर पहिली सायकल चढली. तिच्यावर सरपंच आजोबा बसले होते, मागून सीट धरून राखणदार धावत होता आणि सोडू नकोस रे, सोडू नकोस, असं सगळ्या गावाला ऐकू येत होतं.

तात्पर्य: ज्या डोंगरासाठी नियम करायचा, तो आधी स्वतः चढून बघावा; आणि नंतरही अधूनमधून चढत राहावा.