लवंगांच्या बेटावर सुंद्राबाई

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका गावात सुंद्राबाई नावाची मसाला कांडणारी बाई राहत होती. जन्मभर तिने लवंगा कांडल्या, पण लवंगेचं झाड कधी पाहिलं नव्हतं. ते झाड समुद्रापलीकडच्या एका बेटावर होतं. डोळे मिटण्याआधी एकदा ते बघायचंच, असं तिने मनाशी ठरवलं.

शेजारणी हसल्या. "परदेशी जायला तुझ्या गाठीला आहे काय?"

"आहे त्यात कसं जमतं ते बघते," सुंद्राबाई म्हणाली.

त्या दिवसापासून ती धक्क्यावर जाऊ लागली. परतलेल्या खलाशांना विचारी, "दादा, परक्या बाईला तिकडे थारा कोण देतं? वारा कधी चांगला असतो?" एकाने सांगितलेलं ती नुसतं ऐकून घेई. तिघांनी तेच सांगितलं, तरच खरं मानी.

अशा रीतीने तिला हळूहळू सगळं कळलं. लवंगा आणायला निघालेली गलबतं जाताना रिकामीच असतात, म्हणून माणसाला थोड्या भाड्यात नेतात. लवंगा खुडायच्या दिवसांत बागेतल्या बायका पाहुणीला आपल्या छपराखाली झोपू देतात. एका म्हाताऱ्या खलाशाकडून ती तिकडच्या भाषेतले वीसेक शब्द शिकली आणि कांडताना मुसळाच्या ठेक्यावर तेच म्हणत राहिली. रोज संध्याकाळी गाठोडं पाठीवर घेऊन ती वाळूतून चाले. जे जड वाटेल ते घरी ठेवी. शेवटी गाठोड्यात दोन लुगडी, एक घोंगडी, तांब्या आणि पोहे एवढंच उरलं.

दोन वर्षांनी निघायचा दिवस आला. धक्क्यावर तिच्या गलबताशेजारी एक मोठं नक्षीदार जहाज उभं होतं. गावातला अत्तरवाला सात पेट्या घेऊन त्यात चढत होता.

"सुंद्राबाई, आमच्याकडे एक जागा रिकामी आहे," तो म्हणाला. "तुमच्या गलबताच्याच भाड्यात नेतील. झोपायला गादी मिळेल, आणि चार दिवस आधी पोहोचाल."

सुंद्राबाईने गलबताकडे पाहिलं. तिथे दोरखंडांवरच अंग टाकावं लागणार होतं. तिचं मन क्षणभर डळमळलं.

"जहाज परत कधी फिरणार?" तिने विचारलं.

"ते तिथे गेल्यावर बघू की!"

"मग नको, शेटजी. माझं गलबत बारा दिवस थांबून मला घेऊन परत येणार आहे. गलबत चालवणाऱ्या तांडेलांशी तसं बोलणं झालंय."

अत्तरवाला हसला आणि निघून गेला.

सुंद्राबाई पोहोचली तेव्हा अत्तरवाला बेटाच्या किनाऱ्यावर पेट्यांवर बसला होता. जहाज त्याला उतरवून पुढच्या बेटांकडे गेलं होतं, ते सहा महिने फिरकणार नव्हतं. धर्मशाळेत त्याचं बोलणं कोणाला कळेना. सुंद्राबाईने शिकलेले शब्द जुळवून त्याच्यासाठी गड्यांच्या छपरात जागा मागितली. मग तांडेलाला विनवून परतीच्या गलबतात त्याची सोय केली. "पेट्या मात्र दोनच," तांडेलाने बजावलं. अत्तरवाल्याने मान खाली घालून पाच पेट्या तिथेच विकल्या.

दुसऱ्या दिवशी सुंद्राबाई बागेत गेली. लवंगेचे घोस झाडावर लालगुलाबी दिसत होते. जन्मभर काळ्याच लवंगा पाहिलेली ती बाई बराच वेळ झाडाला हात लावून उभी राहिली. मग बायकांबरोबर खुडायला लागली. उरलेले सगळे दिवस तिने खुडलं आणि त्यांच्याच हातचं जेवली.

शेवटच्या संध्याकाळी तिने तांडेलाला विचारलं, "तुम्ही किती वर्षं येताय इथे?"

"वीस."

"मग तुम्हाला कोणतं झाड सगळ्यात आवडतं?"

तांडेल ओशाळला. "बाई, मी धक्क्याच्या पुढे कधी गेलोच नाही. पोती भरली की निघतो."

"असं कसं चालेल? चला!"

उन्हं कलली होती. पुढे सुंद्राबाई आणि मागे वीस वर्षं समुद्र ओलांडणारा तो दर्यावर्दी, असे दोघे बागेची टेकडी चढले. लवंगेच्या फांदीखाली पोहोचल्यावर तांडेलाने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"बाई," तो हळूच म्हणाला, "समुद्र मी कितीदा ओलांडला, पण या बेटावर आज आलो."

तात्पर्य: दूरदेशी जायला थैली लहान असली तरी चालते. मात्र आधी भरपूर विचारावं, परतीची सोय करावी, आणि पोहोचल्यावर डोळे उघडे ठेवून बघावं.