बिळाचे दुसरे तोंड

त्या रानात न्याय झाडावर होत असे. रानाच्या मधोमध एक जुना बिवळा उभा होता. त्याच्या शेंड्यावर म्हातारा गरुड बसे आणि तो म्हणेल तोच निकाल. जमिनीवरून बोललेले त्याच्यापर्यंत पोहोचत नसे. म्हणून ज्यांना पंख नव्हते त्यांनी आपले म्हणणे एखाद्या पाखराला सांगावे आणि पाखराने ते फांदीवर बसून गरुडाला ऐकवावे, असा रिवाज होता. अशा पाखरांना मुखत्यार म्हणत. रिवाज सर्वांच्या सोयीचा आहे, असे सगळे मुखत्यार सांगत.

टेकडीच्या उतारावर साळू नावाची एक साळिंदर आपल्या दोन पिल्लांसह राहत होती. बीळ तिनेच खणलेले होते. एका उन्हाळ्यात तरसाने त्या बिळावर हक्क सांगितला. टेकडी आपली, तेव्हा टेकडीच्या पोटातली पोकळीही आपलीच, असे त्याचे म्हणणे होते.

साळू धनेशाकडे गेली. धनेशाची चोच मोठी, आवाज भारदस्त. तो बोलू लागला की बाकीची पाखरे गप्प बसत. त्याने तिचे सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"बिळाला तोंडं किती?" त्याने विचारले.

साळू घुटमळली. "एकच आहे, असं सगळ्यांना वाटतं."

"साळूबाई, वैद्यापासून दुखणं आणि मुखत्यारापासून खरं लपवू नये. इथलं बोलणं इथंच राहतं."

तेव्हा साळूने सांगितले, की करवंदीच्या जाळीत एक दुसरे तोंड आहे. बाहेरून ते दिसत नाही. जीवावर बेतले तर पिल्लांना घेऊन निसटता यावे म्हणून ते ठेवले आहे. आजवर हे तिने कोणालाच सांगितले नव्हते.

धनेशाने मान हलवली. "निकाल लागेपर्यंत तू पुढच्या तोंडाशी काटे उभारून बस. जागा सोडू नकोस. जागा सोडली की हक्क गेला."

साळू तीन दिवस तशीच बसून राहिली. तिसऱ्या दिवशी उन्हे कलताना तिला आपल्या पाठीमागून, बिळाच्या आतून, पिल्लाची किंकाळी ऐकू आली. ती आत धावली. तरस करवंदीच्या बाजूने शिरले होते. तिने एक पिल्लू पोटाखाली घेतले आणि पुढच्या तोंडाने बाहेर काढले. दुसऱ्याकडे पोहोचेपर्यंत उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी बिवळ्यावर सुनावणी झाली. तरसाच्या बाजूने एका पोपटाने सांगितले, की बीळ आज तरसाच्या ताब्यात आहे आणि साळू ते सोडून गेली आहे.

"साळूचं काय म्हणणं?" गरुडाने विचारले.

धनेशाने पंख झाडले. "महाराज, साळूला काही म्हणायचं नाही."

खाली साळू ओरडत होती. वर निकाल झाला.

तरसाला करवंदीतली वाट कोणी दाखवली, हा प्रश्न साळूला अन्न गोड लागू देईना. ती धनेशाला शोधत निघाली. नदीपलीकडे, तरसाच्या हद्दीत, एका उंच बेहड्यावर त्याची ढोली होती. ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते. आत मादी अंड्यांवर बसली होती आणि धनेश फटीतून तिला उंबरे भरवत होता. बुंध्याशी, सावलीत, तरस पाय पसरून झोपले होते.

साळू जाळीआडून पुढे आली नाही. धनेश उडून नदीकाठी आला तेव्हा ती त्याच्यासमोर उभी राहिली.

"तुमचं घर त्याच्या हद्दीत आहे."

धनेशाने इकडेतिकडे पाहिले. "माझी मादी आत कोंडलेली आहे, साळूबाई. पिल्लं व्हायची आहेत. उद्या त्यानं बुंध्याशी बसून ढोलीवर डोळा ठेवला, तर मी काय करायचं होतं?"

"मी पहिल्या दिवशी आले तेव्हा 'नाही' म्हणायचं होतं."

 धनेश उडून गेला.

मुखत्यारांची एक पंचायत होती. मुखत्यार चुकला तर त्याचा विचार तीच करी. साळू बिवळ्याखाली गेली आणि तिने तक्रार आहे असे सांगितले. पंचायतीचा मुख्य कोतवाल पक्षी होता. तो म्हणाला, "तक्रार फांदीवरून आली पाहिजे. एखादा मुखत्यार कर."

साळू सात पाखरांकडे गेली. एकाला धनेशाने उडायला शिकवले होते. एकाची ढोली धनेशाच्या शेजारी होती. एकीने विचारले, "बाई, मला इथंच बसायचं आहे ना?" बाकीच्यांनी तिचे बोलणे पुरे होण्याआधीच दुसरीकडे पाहिले.

मग साळू खालूनच बोलू लागली. रोज सकाळी येऊन ती सगळी हकीकत पहिल्यापासून सांगे. पिल्लू तिच्या पायाशी बसून राही. पंधरा दिवसांनी पंचायतीला या कटकटीचा वीट आला. धनेशाने एक पंधरवडा एक फांदी खाली बसावे, असे ठरले. त्या फांदीला सावली जास्त होती.

कोतवालाने खाली वाकून सांगितले, "तुला न्याय मिळाला आहे. आता घरी जा."

पंधरवडा संपून धनेश आपल्या फांदीवर परतला, त्या सकाळीही साळू आली. पण बोलली नाही. तिने बिवळ्याच्या बुंध्याला तोंड लावले आणि साल कुरतडायला सुरुवात केली. बिवळ्याची साल सुटली की आतून रक्तासारखा लाल चीक येतो. तो तिच्या तोंडावरून, पंजांवरून ओघळू लागला. ती थांबली नाही.

आपल्या सुनावणीसाठी आलेला एक ससा हे पाहून दचकला. "साळूबाई, अहो, हे न्यायाचं झाड आहे! भोवतालची सगळी साल गेली तर उभं वाळेल!"

"तुझा मुखत्यार कोण?"

"धनेश," ससा अभिमानाने म्हणाला. "काल त्याला सगळं सांगून आलो. अगदी सगळं."

साळूने त्याच्याकडे पाहिले. मग ती बुंध्याच्या एका बाजूला सरकली.

वर सशाचे प्रकरण निघाले. वरून धनेशाचा भारदस्त आवाज आला, "महाराज, सशाला काही म्हणायचं नाही." सशाने कान टवकारून तो ऐकला, आणि ऐकता ऐकता त्याचे कान खाली पडले. मग तो बुंध्याच्या पलीकडच्या बाजूला गेला.

वर गरुडाने पुढचे प्रकरण पुकारले. धनेश फांदीवर नीट सरसावून बसला आणि त्याने घसा साफ केला. खाली, लाल चिकात भिजलेले दोन जबडे दोन्ही बाजूंनी बुंध्याभोवती येत येत एकमेकांना भिडले आणि सोललेल्या सालीचे कडे पुरे झाले.